पांझरेचा पाट कोणत्या विद्याशाखेत बसतो? कुलगुरू आणि अधिष्ठात्यांना खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांचे मा. कुलगुरू, सगळ्या विद्याशाखांचे अधिष्ठाता, आणि आरएसी (संशोधन सल्लागार समिती), आरआरसी (संशोधन व मान्यता समिती) यांत बसणारे सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी सिव्हिलवाला. बी.ई. झालं, एम.टेक. हायड्रॉलिक्समध्ये झालं, आता एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो आणि पीएचडी करतो, चौथं वर्ष चालू आहे. माझं विद्यापीठ कोणतं, गाईड कोण, हे इथे लिहीत नाही, कारण भांडण कुणा एका माणसाशी नाहीये, माझे गाईड चांगलेच आहेत आणि त्यांनी मला सांभाळून घेतलंय म्हणून तर मी अजून टिकून आहे. पण गेल्या तीन वर्षांत जे बघितलं ते दुसऱ्या विद्यापीठांतल्या मित्रांना सांगितलं की प्रत्येक जण म्हणतो, अरे आमच्याकडे पण हेच. म्हणून सगळ्यांना मिळून एकच पत्र लिहितोय, आणि जरा लांबणार आहे, तेवढा वेळ काढा ही विनंती.

माझा विषय आहे पांझरा नदीवरचे फडाचे बंधारे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, आणि हे सांगताना मला नेहमीच आनंद होतो. पांझरा पिंपळनेरच्या वरच्या डोंगरात उगम पावते, साक्री, धुळं करत पुढे तापीला मिळते. तिच्यावर आणि नाशिककडे मोसम, आरम ह्या नद्यांवर गावकऱ्यांनी शेकडो वर्षांपूर्वी दगड-चुन्याचे बंधारे बांधले, बंधाऱ्यातून पाट काढला, पाटावरून चाऱ्या काढल्या, आणि त्या पाण्याखाली येणारं रान तीन-चार फडांत वाटलं. एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं. ह्या वर्षी ह्या फडात ऊस, तर त्या फडात गहू, पुढच्या वर्षी फेरपालट. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांचा मोबदला सगळ्यांनी मिळून द्यायचा. आणि ह्यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट म्हणजे एका शेतकऱ्याची जमीन एकाच फडात नसायची, प्रत्येक फडात थोडी थोडी असायची. आता विचार करा, दुष्काळ पडला, पाणी कमी आलं, तर गाव ठरवणार की ह्या वर्षी एक फड कोरडा ठेवू. त्या कोरड्या फडात सगळ्यांचीच जमीन, म्हणजे तोटा सगळ्यांना सारखाच. पाटाच्या तोंडाशी असणारा मजेत आणि शेपटाकडचा उपाशी, असं होतच नाही. आज कोणत्याही कालव्यावर जा, टेलच्या शेतकऱ्याला पाणी मिळत नाही ही रड सगळीकडे आहे, आणि इथे लोकांनी कॅलक्युलेटर नसताना जमिनीची वाटणीच अशी केली की टेलचा वेगळा शेतकरी शिल्लकच राहू नये.

आता मला सांगा सर, हे इंजिनियरिंग आहे का? आहे. पाटाला उतार किती द्यायचा, बंधारा नदीच्या पात्रात खडक बघून कुठे बसवायचा, ह्यात चूक झाली तर पहिल्या पुरात सगळं वाहून जातं, आणि हे बंधारे पिढ्यान्‌पिढ्या उभे आहेत. समाजशास्त्र आहे का? आहे, अर्धी व्यवस्था तर माणसांच्या करारावर उभी आहे. इतिहास आहे का, कायदा आहे का, अर्थशास्त्र आहे का? सगळं आहे. आणि म्हणूनच माझी पंचाईत झाली.

मी सुरुवातीला अगदी आमच्या शाखेत बसेल असाच विषय घेतला होता. दोन बंधारे, त्यांचे पाट, गळती किती, विसर्ग किती, मॉडेल करायचं, मोकळं. पहिल्या हंगामात करंट मीटर (पाण्याचा वेग मोजायचं यंत्र) आणि लेव्हल (उंची-उतार मोजायचं यंत्र) घेऊन पाटावर बसलो. बंधाऱ्यावर पाणी होतं, पाटाच्या तोंडाशी पुरेसं पाणी आत जात होतं, आणि तरी शेवटच्या फडापर्यंत पोचत नव्हतं. गळती काढली, बाष्पीभवन काढलं, तरी हिशोब लागेना. मध्येच कुठेतरी पाणी गायब. मी रोज सकाळी रीडिंग घ्यायचो आणि काठावर एक म्हातारे पाटकरी बसलेले असायचे, गाव त्यांना आबा म्हणतं. आता पाटकरी म्हणून त्यांना कुणी काही देत नाही, ते सवयीने येतात. चारीच्या तोंडाला चिखल, दगड आणि गवताचा पेंढा लावून पाणी वळवायचे, आणि हाताने नुसतं त्या पेंढ्याला चाचपून बघायचे की किती दाब येतोय. माझ्याकडे बघून विचारायचे, "तुन्हं यंत्र काय म्हनस रे भो?" मी आकडा सांगायचो. ते मान हलवायचे आणि म्हणायचे, कालच्यापेक्षा कमी आहे म्हणजे. आणि खरंच कालच्यापेक्षा कमी असायचं.

शेवटी एक दिवस मी त्यांनाच विचारलं की आबा, पाणी जातं कुठे. ते मला घेऊन पाटाच्या कडेकडेने चालत गेले. पाटाला लागून विहिरी, त्यांच्यावर मोटारी. दोन ठिकाणी पाट साफच केलेला नाही, गाळ आणि झुडपं. मग म्हणाले की आधी पाट साफ करायला प्रत्येक घरातून माणूस यायचा, कारण प्रत्येकाचं रान प्रत्येक फडात होतं, आता भावाभावांत वाटण्या झाल्या, काहींनी विकलं, ज्याचं रान फक्त वरच्या फडात आहे तो खालच्या पाटाचा गाळ काढायला कशाला येईल. झालं. माझ्या हायड्रॉलिक्सच्या प्रश्नाचं उत्तर सातबाऱ्यात होतं, वाटणीपत्रात होतं.

त्याच गावात एका जुन्या वाड्यात कापडात बांधलेलं एक दप्तर निघालं, सगळं मोडीत. घरातल्या काकू म्हणाल्या बघा काय ते, आम्हाला वाचता येत नाही. मला पण येत नव्हतं. मी रोज संध्याकाळी मोडी शिकलो, तीन-चार महिने लागले, अजूनही अडखळतो, पण एक कागद लागला तो पाण्याच्या पाळीवरून झालेल्या भांडणाचा निवाडा होता. कोणत्या फडाने आधी पाणी घ्यायचं, कुणी आगळीक केली, काय ठरलं. तो कागद हातात धरून मी अक्षरशः किती तरी वेळ बसून होतो, कारण मला करंट मीटरवर जे दिसत होतं त्याच्या मागचा नियम पहिल्यांदा लिहिलेला दिसत होता.

हे सगळं मोठ्या उत्साहाने पुढच्या आरएसीसमोर मांडलं. पंधरा मिनिटांचं प्रेझेंटेशन. आकडे आणि आलेख झाले तोवर सगळे ऐकत होते, मोडी कागदाची स्लाइड आली आणि एका सरांनी थांबवलं. म्हणाले, काम चांगलंय, पण ह्यात इंजिनियरिंग कुठे आहे? हे दोन चॅप्टर काढून टाका, हा हिस्टरीचा विषय आहे. मिनिट्समध्ये तसंच लिहून आलं. म्हणजे पाणी कुठे जातं हे मी शोधून काढलं आणि ते का जातं हे लिहायचं नाही.

मग मी समाजशास्त्राच्या एका मॅडमना भेटलो. त्यांनी दोन तास ऐकून घेतलं, पाच पुस्तकं काढून दिली, आणि म्हणाल्या की मी को-गाईड व्हायला तयार आहे. मला वाटलं प्रश्न मिटला. आता नियम बघा, मी पाठ केलेत. यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) ७ नोव्हेंबर २०२२ चा पीएचडीचा नियम दुसऱ्या विभागातला किंवा दुसऱ्या संस्थेतला को-गाईड घेऊ देतो. त्याच्या आधीच्या २०१६ च्या नियमात पण आंतरविद्याशाखीय विषयासाठी बाहेरचा को-गाईड घ्यायची सोय होती. म्हणजे कागदावर अडचण नाहीच. तरी माझा अर्ज आठ महिने ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरला, एकदा शेरा आला की दोन वेगळ्या विद्याशाखांचं प्रकरण असल्याने मार्गदर्शन मागवावे. कुणाकडून मागवावे ते लिहिलेलं नव्हतं. मध्ये मी विचारलं की मग मीच मानवविज्ञान शाखेत रजिस्ट्रेशन बदलून घेऊ का, तर म्हणे तुमचं पीजी एम.टेक. आहे, इकडे चालत नाही.

आणि ह्यात एक असं कारण आहे जे कुणी उघड बोलत नाही, पण प्राध्यापक लोकांना नीट माहितीये. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात प्रमोशनसाठी जो रिसर्च स्कोअर मोजतात त्यात एक पीएचडी विद्यार्थी पास झाला की गाईडला १० गुण. दोघांनी मिळून गाईड केलं तर प्रत्येकाला ७. म्हणजे दुसऱ्या शाखेतला माणूस सोबत घेतला की माझ्या गाईडचे तीन गुण गेले, आणि मॅडमनी कष्ट पूर्ण करायचे, नवीन विषय शिकून घ्यायचा, दोन विभागांच्या मीटिंगांना जायचं, आणि त्यांनाही सातच. वर विद्यार्थ्यांची मर्यादा असतेच, असिस्टंट प्रोफेसरला चार, असोसिएटला सहा, प्रोफेसरला आठ. ज्याच्याकडे चारच जागा आहेत तो माझ्यासारखा त्रासदायक विषय कशाला घेईल? मी त्यांना दोष देत नाही, त्यांची पण प्रमोशनं अडकलेली आहेत. पण जे एकत्र काम करतात त्यांनाच कमी मिळणार असेल तर एकत्र काम कोण करणार हो.

तुम्ही म्हणाल आपल्याकडे त्यासाठी वेगळी विद्याशाखा आहे. आहे ना. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात चार विद्याशाखा आहेत, विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानवविज्ञान आणि चौथी आंतरविद्याशाखीय अभ्यास. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं हेच माझं घर. चौकशी केली तर तिथे शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र, समाजकार्य, पत्रकारिता असे विषय आहेत. ते सगळे गरजेचेच विषय आहेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण दोन शाखांच्या मधल्या प्रश्नाला तिथेही जागा नाही, तिथेही आधी विचारतात की तुमचा विषय कोणता.

माझी एक मैत्रीण दुसऱ्या विद्यापीठात इतिहासात पीएचडी करते, छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या नहरींवर. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे जमिनीखालून पाणी आणलं, आणि पाणचक्कीकडे येणाऱ्या दुसऱ्या नहरीचं पाणी आधी खांबात वर चढवून मग उंचावरून पाडलंय, त्यावर चक्की फिरायची. हे पाणी वर का चढतं हे समजायला तिला प्रेशर हेड, म्हणजे उंचीमुळे पाण्याला येणारा दाब, कळायला हवा, उतार मोजायला हवा. तिने त्यांच्याच विद्यापीठाच्या सिव्हिल विभागाकडे टोटल स्टेशन, म्हणजे अंतर आणि उंची मोजायचं सर्व्हेचं मशीन, दोन दिवस मागितलं. उत्तर आलं की उपकरण विभागाबाहेर देता येत नाही. त्या पोरीने टेप आणि पाण्याच्या नळीची लेव्हल घेऊन, घरच्या भावाला सोबत नेऊन मोजमाप केलं. मी एका रविवारी गेलो मदतीला. दिवसभरात जे झालं ते मशीनवर तासाभराचं काम होतं. आणि ते मशीन त्या दिवशी तिकडे कपाटात होतं, कारण रविवार होता.

म्हणजे मला मोडी वाचणारा मिळत नाही आणि तिला मशीन मिळत नाही. दोन्ही गोष्टी विद्यापीठांतच आहेत, फक्त भिंतीच्या पलीकडे.

आपल्याकडे हे नेहमीच असं नव्हतं, हे मला आवर्जून सांगायचंय. विश्वेश्वरय्या घ्या. त्यांचा फोटो आमच्या प्रत्येक कॉलेजात लागलेला असतो, १५ सप्टेंबरला हार घालतो आपण. त्यांनी आधी बी.ए. केलं होतं, मग पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून, म्हणजे आजच्या सीओईपीतून, १८८३ मध्ये इंजिनियर झाले. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले तेव्हा सुरुवातीचं त्यांचं एक काम ह्याच पांझरेच्या पाटावरच्या सायफनचं, आमच्या धुळ्याकडचं. पुढे त्यांनी दख्खनच्या कालव्यांवर ब्लॉक पद्धत आणली, गावाचं भिजणारं रान ठरावीक तुकड्यांत आणायचं आणि पिकांची तीन वर्षांची फेरपालट करायची. फड बघितलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटल्याशिवाय राहत नाही. तो माणूस फक्त क्युसेक मोजत बसला नव्हता, कोणतं पीक, किती लोकांना, कुठल्या क्रमाने, हा त्याच्या दृष्टीने इंजिनियरिंगचाच भाग होता.

दामोदर कोसंबी घ्या. मूळचे गोव्याचे, पुण्यात फर्ग्युसनला गणित शिकवलं, १९४५ पासून मुंबईत टीआयएफआर ह्या विज्ञान संशोधन संस्थेत, डेक्कन क्वीनने पुण्याहून जा-ये. जनुकशास्त्रात त्यांच्या नावाचं मॅपिंग फंक्शन, म्हणजे जनुकांमधलं अंतर काढायचं सूत्र, आहे. आणि ह्याच माणसाने जुनी आहत (ठसे मारलेली) नाणी हजारोंनी तराजूवर तोलली, नाणं जितकं वापरात फिरतं तितकं झिजतं, ह्या झिजेच्या आकडेवारीवरून नाण्यांचा काळ आणि व्यापार समजून घेतला. त्याच माणसाने भर्तृहरीच्या सुभाषितांची पाठचिकित्सा केली, पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर पायी फिरून सूक्ष्मपाषाणं (अश्मयुगातली दगडाची छोटी हत्यारं) गोळा केली. नाण्यांचं वजन हे गणित की इतिहास, असं कुणी त्यांना विचारत बसलं असतं तर आपलं किती नुकसान झालं असतं.

आणि तिसरं उदाहरण जरा कडू आहे. कोयना धरण. इरावतीबाई कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयनेच्या विस्थापितांचा सर्व्हे केला, डेक्कन कॉलेजने तो १९६९ मध्ये छापला. धरण तोवर कधीच उभं राहिलं होतं, गावं उठून गेली होती, ११ डिसेंबर १९६७ चा भूकंपसुद्धा होऊन गेला होता. माणसांचं काय झालं हे विचारायला समाजशास्त्र गेलं, पण सगळं झाल्यावर गेलं. इंजिनियर आणि समाजशास्त्रज्ञ पहिल्या दिवसापासून एका खोलीत बसले असते तर काय वेगळं झालं असतं हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण कुणाला कुठे जागा मिळणार, जनावरांना चारा कुठे, देव कुठे मांडायचे, एवढे प्रश्न तरी आधी विचारले गेले असते. आज तापीपासून कृष्णेपर्यंत जे काम चालू आहे तिथेही हेच चाललंय, आणि आपली विद्यापीठं पोरांना शिकवताना पण तेच शिकवतात, की तू तुझ्या खोलीत बस.

पेपरचं पण असंच. २०२२ च्या नियमाने पीएचडी सबमिट करायला पेपर छापलाच पाहिजे ही यूजीसीची सक्ती गेली, तरी प्रत्यक्षात विभागात विचारतातच, किती पेपर झाले. मी एक पेपर हायड्रॉलिक्सच्या जर्नलला पाठवला, रिव्ह्यू आला की शेतकऱ्यांच्या मुलाखती हा डेटा धरता येत नाही. तोच विषय जरा बदलून समाजविज्ञानाच्या जर्नलला पाठवला, तिथून आलं की समीकरणं काढा. दोन्ही ठिकाणी माणसं प्रामाणिक असतील, त्यांना त्यांच्या शाखेचं रक्षण करायचंय. पण मला वाईट ह्याचं वाटतं की पाटकरी आबांचा हात आणि माझा मीटर एकाच गोष्टीबद्दल बोलत होते आणि ते एका पानावर छापायला कुणी तयार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नलची यादी, बंद केली, आता कोणतं जर्नल चांगलं हे ठरवायचं काम विद्यापीठांवरच आलंय. मग हीच वेळ आहे ना, आता यादी तुमच्या हातात आहे, तर अशा मधल्या कामाला आणि मराठीतल्या चांगल्या संशोधन नियतकालिकांना त्यात जागा द्या.

मराठीवर आलो तर ते पण बोलतोच. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आम्ही पण स्टेटस ठेवले, पेढे वाटले. २०२१ पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेने, इंजिनियरिंग मराठीतून शिकवायची वाट पण मोकळी केलीये. आणि माझा प्रबंध, जो पूर्णपणे खानदेशातल्या चार-पाच गावांवर आहे, ज्यातले निम्मे शब्द अहिराणी आहेत, तो इंग्रजीत असणार आणि ज्या गावाने मला जेवू घातलं त्या गावातलं कुणी तो वाचू शकणार नाही. "सांडम" ह्या शब्दाला मी इंग्रजीत तीन ओळींचं स्पष्टीकरण लिहिलंय. पाटातून जादा झालेलं पाणी परत नदीत नेणारी वाट म्हणजे सांडम, खानदेशात कुणालाही विचारा, लगेच सांगतील. मी असं म्हणत नाही की सगळे प्रबंध मराठीत लिहा. एवढंच म्हणतो की जिथे गावात जाऊन काम केलंय तिथे वीस-पंचवीस पानांचा मराठी अहवाल ग्रामपंचायतीला दिल्याशिवाय सबमिशन पूर्ण धरू नका. आम्हाला तो लिहायला आवडेल, आणि व्हायवाच्या वेळी बाहेरच्या रेफरीसोबत गावातला एक जाणता माणूस समोर बसलेला असला तर आमची खरी परीक्षा होईल.

आता तुमच्याकडे काय मागायचं ते सांगतो. ह्यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, एक परिपत्रक लागतं.

ज्या विद्यार्थ्याचा प्रश्न दोन शाखांत पसरलेला आहे त्याच्या आरएसीमध्ये दोन्ही शाखांतले लोक पहिल्या दिवसापासून बसवा, दोघांनी मिळून एकच मिनिट्स लिहायचे. को-गाईडचा अर्ज किती दिवसांत निकाली काढायचा हे ठरवून टाका, एक महिना पुरे. गुणांचं सात-सात हे यूजीसीचं आहे, ते तुमच्या हातात नाही हे मला माहितीये, पण तुम्ही कुलगुरू म्हणून एकत्र बसता तेव्हा हे यूजीसीला लिहू शकता, आणि तोवर विद्यापीठाच्या पातळीवर दोन विभागांत मिळून गाईड करणाऱ्यांना वर्कलोडमध्ये काही सूट देऊ शकता. लॅबमधली उपकरणं विभागाची नसून विद्यापीठाची आहेत असं धरून एक साधं रजिस्टर करा, जे मशीन ज्या दिवशी मोकळं आहे ते दुसऱ्या विभागाच्या विद्यार्थ्याला सही करून मिळालं पाहिजे, आणि ते वापरायला शिकवणारा एक माणूस पण. आम्हाला ज्या पद्धतीने टोटल स्टेशन शिकवतात तसं इतिहासाच्या पोरांना दोन दिवस शिकवा, आणि आम्हाला कोर्सवर्कमध्ये मोडी आणि मुलाखत कशी घ्यायची हे शिकवा. माझ्या कोर्सवर्कमध्ये संशोधन नीतिमत्तेचे दोन क्रेडिट होते, चांगलं शिकवलं, पण गावातल्या म्हाताऱ्या माणसाचं बोलणं रेकॉर्ड करताना त्याची परवानगी कशी घ्यायची, त्याचं नाव कुठे वापरायचं नाही, हे मला मॅडमनी त्यांच्या केबिनमध्ये बसवून सांगितलं, आमच्या शाखेत ह्यावर एक शब्द नव्हता.

आणखी एक, हे माझ्या फार मनात आहे. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासकार वि. का. राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच वारले, त्यांनी आयुष्यभर खेडोपाडी फिरून, प्रसंगी पायी, दप्तरं गोळा केली, आणि त्यांच्या नावाची संस्था पांझरेकाठीच उभी राहिली. समर्थ वाग्देवता मंदिर पण धुळ्यातच, हस्तलिखितांनी भरलेलं. नदीवर बंधारे आणि नदीच्या काठच्या शहरात कागद, इतकं जवळजवळ. पण माझ्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात, लायब्ररीच्या एकाही ओरिएंटेशनमध्ये मला कुणी सांगितलं नाही की पाण्याचा अभ्यास करणाऱ्याने तिथे जावं. अशा संस्थांशी करार करा. नॅक, म्हणजे कॉलेज-विद्यापीठांचं मूल्यांकन करणारी समिती, आली की सामंजस्य करारांची फाईल सगळीकडे दिसते, त्यातला एखादा करार असा करा की सिव्हिलचा विद्यार्थी सहा महिने तिथे बसू शकेल आणि त्याची हजेरी त्याच्या विभागात लागेल.

आणि आम्ही जे रेकॉर्ड करतो ते ठेवायला जागा द्या. माझ्या फोनमध्ये आणि एका हार्डडिस्कमध्ये आबांचं आणि त्यांच्यासारख्या आणखी सहा-सात जणांचं बोलणं आहे, अहिराणीत, पाणी कसं वळवायचं, पाळी चुकली तर काय दंड, बंधाऱ्याला भोक पडलं तर कशाने बुजवायचं. ह्यातले दोघे ह्या वर्षात वारले. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यात, जाईल, ते चांगलंच आहे, पण हे आवाज कुठे जाणार? विद्यापीठाच्या लायब्ररीत एक कोपरा, एक सर्व्हर, एक कॅटलॉग करणारा माणूस, बस्स. पुढे कुणी भाषेवर काम करणारी मुलगी आली तर तिला अहिराणीतलं शेतीचं बोलणं मिळेल, कुणी पाण्यावर काम करणारा आला तर त्याला नियम मिळतील.

माझ्या शाखेतल्या सरांना पण एक सांगायचंय, आदरानेच. तुम्ही विचारलं होतं ह्यात इंजिनियरिंग कुठे आहे. सर, उद्या शासनाने त्याच पाटाला सिमेंटचं अस्तर करायचं ठरवलं, आणि आपल्यापैकीच कुणीतरी एस्टिमेट केलं, तर गळती कमी होईल, कागदावर कार्यक्षमता वाढेल, आणि शेवटचा फड तरीही कोरडाच राहील, कारण मोटारी तिथेच आहेत आणि गाळ काढायला यायचं कारण कुणाला उरलेलं नाही. खर्च होऊन पाणी मिळणार नाही, मग लोक म्हणतील इंजिनियरने खाल्ले पैसे. ते दोन चॅप्टर मी काढले तर माझा प्रबंध चुकीचं उत्तर देणार. आणि मानवविज्ञानातल्या सर-मॅडमना, आमची समीकरणं बघून घाबरू नका, ती आबांच्या हाताला जे कळतं तेच सांगतात, फक्त दुसऱ्या गावाला नेता यावं म्हणून अशी लिहिलीत.

मला माहितीये तुमच्याकडे प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, आमच्यासारखे तासिकावाले भरून काम चाललंय, वर परीक्षा, निकाल, रँकिंग, रोजची आंदोलनं. त्यात एका पाटाचं काय घेऊन बसलास असं वाटेल. पण असे विषय घेऊन बसलेली पोरं प्रत्येक विद्यापीठात आहेत. ऊसतोड कामगारांच्या पाठीच्या दुखण्यावर काम करायला निघालेली मेकॅनिकलची मुलगी मला माहितीये, कोयता आणि मोळी उचलायची पद्धत ह्यावर तिला काम करायचं होतं, तिला सांगितलं नवीन मटेरियलवर काहीतरी घे. तिने घेतलं. पेपर झाले तिचे, पीएचडी पण होईल, आणि कोयत्याचं राहिलं.

माझी पुढची आरएसी जानेवारीत आहे. ते दोन चॅप्टर मी काढलेले नाहीत, प्रबंधात आहेत तसेच घेऊन येणार आहे, आणि मॅडमचा अर्ज अजून त्याच टेबलावर आहे. त्याआधी गव्हाच्या पहिल्या पाण्याला मला गावात जायचंय. आबांनी ह्या वर्षी वरच्या फडातल्या चार घरांना गाळ काढायला यायला राजी केलंय, माझे आकडे दाखवून. त्यांना वाचता येत नाही, पण मी काढलेला पाटाचा नकाशा त्यांनी घडी करून खिशात ठेवलाय आणि कुठे पाणी जातं ते बोट ठेवून दाखवतात. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर साक्रीपर्यंत एसटी आहे, पुढे मी गाडीवर न्यायला येतो.

आपला,
पांझरेकाठचा एक संशोधक विद्यार्थी